चार नावं, एकच गिटार?

*ताई, मी रत्नागिरीत राहतो. थोरली मुलगी अकरावीत आहे. गाते बरी, आता तिला गिटार शिकायची आहे. माझी तयारी नऊ हजारांपर्यंत आहे. ऑनलाइन जुआरेझची ३८ इंची गिटार पिशवी, जादा तारा, पट्टा असं सगळं धरून तीन हजारांच्या आत दिसते. केडन्सची साडेपाच-सहा हजारांना आहे. इथल्या दुकानात गिव्हसन साडेचार हजारांना ठेवलीय. यामाहाची एफ २८० सगळ्यात महाग, जवळजवळ नऊ हजार. फोटोत मला चारही सारख्याच वाटतात. एक दुकानदार म्हणाला, 'साहेब, सगळ्या एकाच कारखान्यातून येतात, वर नाव तेवढं वेगळं. नावाचे पैसे कशाला देता?' मेव्हणा म्हणतो, शिकायला सगळ्यात स्वस्त घे, टिकली तर पुढचं पुढे. मुलगी म्हणते, बाबा, कुठलीही चालेल. खरंच कुठलीही चालेल का?*

*– एक वाचक, रत्नागिरी*

दादा,

तुमच्या मुलीचं ते 'कुठलीही चालेल' मी दोनदा वाचलं. घरातल्या खर्चाची जाण असलेली मुलं असंच बोलतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी आईबाबांना हेच सांगितलेलं असतं. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कुठलीही चालणार नाही. तुमच्या नऊ हजारांत मात्र चांगली गिटार नक्की बसते, आणि गिटार घेऊन वर थोडे पैसे हातात ठेवता आले तर अधिक बरं. ते कशासाठी, ते पुढे सांगते.

आता दुकानदाराचं बोलणं. तो खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय.

एकाने बनवायची आणि दुसऱ्याने आपलं नाव घालून विकायची, ही गिटारच्या धंद्यातली शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. तुम्ही फोटोत पाहिलेली रुंद खांद्याची, जाड कमरेची गिटार असते ना, तिला ड्रेडनॉट म्हणतात. नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून आलं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ साली हा आकार पहिल्यांदा बनवला तो बॉस्टनच्या डिटसन या संगीतविक्रेत्यासाठी, आणि त्या गिटारी विकल्या गेल्या डिटसनच्याच नावाने. मार्टिनने स्वतःचं नाव घालून हा आकार बाजारात आणला तो १९३१ मध्ये. आज जगात सगळ्यात जास्त दिसणारा गिटारचा आकारच मुळात दुसऱ्याच्या नावाखाली जन्मलाय. पुढे शिकागोच्या हार्मनी कारखान्यातल्या गिटारी सीअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधून सिल्व्हरटोन नावाने अमेरिकेत खेडोपाडी पोचल्या. कितीतरी लोकांच्या हातातली पहिली गिटार तीच होती.

आजही तेच चालतं, फक्त कारखाने आशियात आलेत. कोरियाची कॉर्ट कंपनी स्वतःच्या नावाने गिटारी विकते आणि इंडोनेशियात सुरबायाच्या कारखान्यात दुसऱ्या नामांकित कंपन्यांसाठीही बनवते. चीनच्या ग्वीचौ प्रांतात जंगआन नावाचा एक डोंगराळ तालुका आहे. तिथली माणसं पूर्वी दक्षिण चीनच्या शहरांत गिटारच्या कारखान्यांत कामाला जायची. २०१३ पासून ती गावाकडे परतली आणि आपलेच कारखाने उभे राहिले. आता तिथून दरवर्षी लाखो गिटारी जगभर जातात, ज्याची मागणी त्याचं नाव डोक्यावर घेऊन. आपल्याकडच्या मोठ्या दुकानांचीही स्वतःची नावं आहेत. मुंबईच्या धोबीतलावचं फर्टाडोज हे १८६५ पासूनचं दुकान, त्यांची गिटार ग्रॅनाडा नावाने येते. बजाओ या ऑनलाइन दुकानाची व्हॉल्ट नावाने येते. म्हणजे चार नावांमागे एक कारखाना असू शकतो, एवढं दुकानदाराचं खरं आहे.

पण तुमच्या यादीला ते सरसकट लागू पडत नाही. एफ २८० ही यामाहा स्वतःच्या चेन्नईच्या कारखान्यात बनवते. गिव्हसन कोलकात्याची. तिथे गिटार बनवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, लालबाजार आणि चितपूरच्या रस्त्यावर वाद्यांची दुकानं ओळीने लागलेली असतात. आणि नावात एकाच अक्षराचा फरक असला तरी अमेरिकेच्या गिब्सनशी गिव्हसनचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण काही पालक त्या नावावरून फार मोठ्या अपेक्षेने घेतात आणि मग उगाच हिरमुसतात. कोलकात्याची गिटार कोलकात्याची म्हणूनच बघावी.

बाकीच्या दोघींचं मूळ तुम्हाला घरबसल्या बघता येईल. खोक्यावर निर्मात्याचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि कुठल्या देशात बनली हे छापायचा आपल्याकडे कायदा आहे. ऑनलाइन विकणाऱ्यालाही तो देश पानावर दाखवावा लागतो. पान खाली सरकवत गेलात की सापडेल. दोन वेगळ्या नावांच्या खोक्यांवर एकच आयातदार दिसला तर समजा, माल बहुधा एकाच वाटेने आलाय.

मग एका कारखान्यातल्या दोन गिटारी सारख्या का नसतात? गावातली पिठाची गिरणी आठवा. सगळ्या आळीचं दळण एकाच जात्यातून निघतं, म्हणून काय सगळ्यांच्या पोळ्या सारख्या होतात का? ज्याचे गहू त्याचं पीठ. गिटारच्या कारखान्यालाही ज्याचं नाव त्याने गहू दिलेले असतात. लाकूड कुठलं, किती जाड, मानेत ताण समायोजित करणारी लोखंडी सळी घालायची की नाही, खुंट्या कुठल्या दर्जाच्या, तारांखालची पट्टी हाडाची की प्लास्टिकची, आणि मुख्य म्हणजे पडद्यांची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं घासायला कामगाराला किती वेळ द्यायचा. दहा मिनिटं दिली तर एक गिटार निघते, तीन मिनिटं दिली तर दुसरी. फोटोत दोन्ही सारख्याच. त्यानंतर कुणी तपासून दोषी नग बाजूला काढतो का, हाही खर्चाचाच भाग. तुम्ही 'नावाचे पैसे' म्हणता त्यातले बरेचसे खरं तर या तपासणीचे असतात. सगळेच नव्हेत, जाहिरातीचेही असतात. पण तपासणीचे असतात.

इथे मला माझी गोष्ट सांगायलाच हवी.

माझी पहिली गिटार बाबांनी घेतली तेव्हा मी तुमच्या लेकीएवढीच होते. आम्ही चिपळूणला राहायचो. दुकानात टांगलेल्यांपैकी सगळ्यात चकचकीत ती घेतली, कुठल्या नावाची ते सांगण्यात आता अर्थ नाही. पहिले सहा महिने मी रोज रडकुंडीला यायचे. सी कॉर्ड, म्हणजे बोटांनी तारा दाबून एकदम वाजवायचा सुरांचा गट, वाजायचा, जी कसाबसा, पण एफ कॉर्ड काही केल्या वाजेना. बोटांवर तारांचे खोल वळ उठायचे आणि आवाज यायचा तो नुसता ठक्क. शिकवणारे सर म्हणायचे, सराव कर. मी करत होते. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत माझी खात्री झाली की आपल्या बोटांतच जोर नाही, हे आपलं काम नव्हे. गिटार कपाटावर गेली.

वर्षभराने मिरजेला मामाकडे गेले तेव्हा ती बरोबर नेली, का नेली आठवत नाही. मामाच्या ओळखीचे एक सतारीचे कारागीर होते. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव, त्यांच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्या गृहस्थांनी आयुष्यात गिटार फार हाताळली नसावी. त्यांनी ती मांडीवर घेतली, मानेच्या टोकाला डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "बाळ, तारा आभाळात आहेत. तू वाजवतेस कशी ही?" घोडीवरची, म्हणजे पोटावर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्यावरची, पट्टी काढली, पॉलिश पेपरवर थोडी थोडी घासली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. मानेच्या टोकाकडच्या पट्टीतल्या खाचा बारीक कानशीने खोल केल्या. तास-दीड तासाचं काम. त्या दुपारी माझ्या हातून एफ वाजला.

मी तेव्हा आनंदाने रडले, आणि आज त्या वाया गेलेल्या वर्षाचं वाईट वाटतं. म्हणून तुमच्या मेव्हण्यांचं 'टिकली तर पुढचं पुढे' मला पटत नाही. तारा उंच असलेल्या गिटारवर मुलगी टिकली नाही, तर तिला आवड नव्हती असा निष्कर्ष घरात सगळे काढतील, ती स्वतःही काढेल. चूक लाकडाची असते आणि डाग मुलीवर येतो. स्वस्त घेण्याला माझी हरकत नाही. न तपासता घेण्याला आहे.

तर डोक्यावरचं नाव क्षणभर झाका आणि हातातली गिटार बघा. एकाच मॉडेलचे दोन नगही वेगळे निघतात, म्हणून हा तपास त्या मॉडेलचा नसून तुम्ही घरी नेणार त्या नगाचा आहे.

पहिली मान. गिटार आडवी धरून डोक्याकडून घोडीकडे बंदुकीचा नेम धरल्यासारखं बघा. मान मधोमध अगदी किंचित खोलगट चालते, तशीच असावी. एका बाजूला पिळलेली दिसली तर खाली ठेवा. मग सगळ्यात जाड तार पहिल्या पडद्यापाशी एका हाताने आणि चौदाव्यापाशी दुसऱ्या हाताने दाबा. मधल्या सहाव्या-सातव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट हवी. फट खूपच जास्त असेल तर सळी फिरवून ती कमी करता येते, पण मानेत फिरवता येणारी सळी असेल तरच. ही सळी आहे का, हे दुकानदाराला विचाराच. आवाजाच्या भोकातून मानेच्या दिशेला टॉर्च मारली तर षटकोनी चावीचं तोंड दिसतं, किंवा डोक्यावर छोटं झाकण असतं. स्वस्त गिटारांत काही वेळा न फिरणारी नुसती पट्टी घातलेली असते. आपल्या कोकणात, जिथे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मे महिन्यात आवळतं, तिथे सळी नसलेली गिटार मी कुणालाही घेऊ देत नाही. आवाज, लाकूड, चकाकी या सगळ्याच्या आधी मी हे बघते.

दुसरं, तारांची उंची. गिटारवाले तिला ॲक्शन म्हणतात. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी बरोबर न्या. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत अडीच ते तीन मिलिमीटर असेल तर उत्तम. साडेतीनच्या वर असेल तर दुकानदाराला म्हणा, आधी खाली आणून द्या, मग बोलू. बहुतेक जण देतात. बारीक तारेकडे दोन मिलिमीटरच्या आसपास. स्टीलच्या सहा तारा मिळून मानेवर साठ-सत्तर किलोचा ताण देत असतात, त्यामुळे एक मिलिमीटर वर-खाली म्हणजे शिकणाऱ्या बोटांना किती, हे मला वेगळं सांगायला नको.

तिसरं, सूर. मोबाइलवर फुकटचा ट्यूनर उतरवा, सहाही तारा सुरात लावा. मग प्रत्येक तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तोच सूर, एक सप्तक वर यायला हवा. ट्यूनरचा काटा स्पष्टपणे इकडे-तिकडे गेला तर त्या गिटारवर वरचे कॉर्ड कधीच सुरात येणार नाहीत, कितीही लावा. गाणाऱ्या मुलीसाठी हे फार महत्त्वाचं. तिचा कान तयार होतोय, त्याला बेसूर ऐकायची सवय लागू नये.

मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजवून ऐका, कुठे झणझण येते का. हाताची बाजू मानेच्या कडेवरून सरकवा, पडद्यांची टोकं ओरखडतात का बघा. खुंट्या फिरवा, फिरवताना गचके लागू नयेत. आणि शेवटी एक पातळ कागद घोडीच्या मागच्या कडेला, लाकडाला घोडी चिकटवलीय तिथे सरकवून बघा. कागद आत गेला की समजा घोडी सुटायला लागलीय. नव्या गिटारमध्येही हे सापडतं.

दुकानदार कंटाळेल. कंटाळू द्या, तुम्ही कष्टाचे पैसे देताय.

आता तुमच्या चौघींकडे येते.

जुआरेझची ३८ इंची. हे ३८ इंच म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची लांबी, पूर्ण मापाची ड्रेडनॉट ४१ इंचांच्या आसपास असते. म्हणजे ही अंगाने लहान गिटार आहे. लिंडनवूड नावाच्या मऊ, हलक्या लाकडाची. पोट लहान म्हणून आवाजही लहान, खालच्या सुरांना भरणा कमी. बारा वर्षांच्या मुलाला, किंवा आवड आहे का हेच बघायचंय अशांना ही चालते, आणि या किमतीत एवढं मिळतं याचं मला कौतुकच वाटतं. पण सतरा वर्षांची, गळ्यात सूर असलेली मुलगी सहा महिन्यांत तिच्या पुढे जाईल. शिवाय ऑनलाइन घेताना मी वर सांगितलेला एकही तपास आधी करता येत नाही. घेतलीच, तर परत करायची मुदत किती ते बघा आणि ती संपायच्या आत घरी सगळं तपासा. पिशवी, पट्टा, जादा तारा, तारा छेडायची पिक यांच्याकडे बघून ठरवू नका. ते सगळं मिळून काही शे रुपयांचं सामान आहे आणि पहिल्या तारा तर बदलायच्याच आहेत.

केडन्समध्ये एकाच मालिकेच्या नावाखाली बरेच प्रकार असतात. वेगळ्या लाकडाचे, वेगळ्या मापाचे, पिकअप (गिटारचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारी डबी) असलेले आणि नसलेले. म्हणून 'केडन्स कशी?' या प्रश्नाला एक उत्तर नाही, तुम्ही बघताय त्या प्रकाराची पूर्ण माहिती वाचा. फोटोत कडेला बटणं आणि वायर लावायचं भोक दिसलं तर ती सेमी-अकूस्टिक म्हणून विकली जाते. सध्या ती नको. या किमतीत बसवलेल्या पिकअपमुळे पैसा लाकूड आणि मानेऐवजी त्या डबीत जातो, आणि तुमच्या मुलीला अजून दोन-तीन वर्षं स्पीकरला जोडायची वेळ येणार नाही. साधी, पूर्ण मापाची, फिरणारी सळी असलेली मिळाली तर ती माझी दुसरी पसंती.

गिव्हसनचा फायदा असा की ती तुमच्या गावच्या दुकानात समोर आहे. पट्टी आणि कागद घेऊन जा. दोन-तीन नग असतील तर सगळे काढायला लावा. या किमतीच्या गिटारांत, कुठल्याही नावाच्या असोत, नगागणिक फरक जास्त पडतो. मी अशा काही गिटारी थोड्या घासून-पुसून दिल्यात आणि त्यावर मुलं वर्षानुवर्षं सुखाने वाजवतायत. तपासात उतरली तर चार-साडेचार हजारांत तुमचं काम होईल. नाही उतरली तर 'नंतर बसेल हो' या शब्दावर घेऊ नका.

यामाहाची एफ २८०. तुमच्या चारांत मी हिच्याकडे झुकते, आणि कारण नावाचा रुबाब नाही. वर्गात मुलांच्या ज्या नव्या यामाहा येतात त्यांच्या माना सरळ, उंची बेताची आणि सूर बाराव्या पडद्यावर जागेवर असतो, एका नगाचा अनुभव दुसऱ्या नगाला जवळपास लागू होतो. अजून वर्षाने मुलीने सोडली तरी ती सहज विकली जाते, अर्ध्याहून जास्त पैसे परत येतात. हिची मोठी बहीण एफ ३१० इंडोनेशियात बनते आणि थोडी महाग आहे. दोघींतला फरक शिकणाऱ्याला पहिली दोन वर्षं तरी जाणवणार नाही, तुम्ही बजेट ओढून तिच्याकडे जाऊ नका.

कुणी तुम्हाला सांगेल की वरची फळी सॉलिड लाकडाची हवी, प्लायची नको. मिरजेत सतारीच्या ज्या भागाला तबली म्हणतात, ती ही फळी. सॉलिड म्हणजे एकसंध लाकडाच्या चिरीव पट्ट्यांची, प्लाय म्हणजे पातळ थर चिकटवलेली. सॉलिडचा आवाज जास्त मोकळा असतो हे खरं, आणि यामाहाचीच एफजी ८०० तशी आहे, पण ती तुमच्या बजेटच्या बरीच बाहेर. आणि रत्नागिरीच्या हवेत पहिल्या गिटारसाठी प्लायची फळी मला उलट बरी वाटते. थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ती ओल्या हवेत कमी हलते. सॉलिड फळीला जी निगा लागते ती अकरावी-बारावीच्या धावपळीत कुणी घेणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण बऱ्याचदा दुकानात कुणीतरी सुचवतं. मुलीची बोटं दुखतील म्हणून नायलॉनच्या तारांची क्लासिकल घ्या, यामाहाची सी ४० वगैरे. चांगलं वाद्य आहे, पण त्याची मान ५२ मिलिमीटर रुंद असते, स्टीलवालीची ४३च्या आसपास, आणि गाण्याच्या साथीला झंकारणारा आवाज तिच्यातून निघत नाही. मुलगी गाणार आणि स्वतः कॉर्ड धरणार, तर स्टीलच्या तारांचीच घ्या. बोटं पंधरा-वीस दिवस दुखतात, मग कातडं घट्ट होतं. घेतलीच नायलॉनची, तर तिच्यावर कधीही स्टीलच्या तारा चढवू नका. तिची घोडी तेवढा ताण धरायला बनलेली नसते, उपटून येते.

मुलीला बरोबर न्या, हे तर सांगायलाच नको. खुर्चीत बसवा, गिटार मांडीवर द्या. ड्रेडनॉटचं पोट मोठं असतं आणि चणीने लहान असलेल्या मुलींचा उजवा खांदा वर उचलला जातो. तसं दिसलं तर त्याच किमतीतली कॉन्सर्ट मापाची, लहान कमरेची गिटार मागा. खांदा दुखत असेल तर ती सरावाला बसणारच नाही, आणि कारणही सांगणार नाही.

आता ते वरचे पैसे. एफ २८० तुम्हाला साडेआठपर्यंत मिळाली तर उरलेले पाचशे लगेच खर्च करा. एक हलक्या तारांचा संच घ्या, दहा नंबरचा म्हणून मागा. सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजार भागांपैकी दहा भाग एवढी जाड असते म्हणून ते नाव. डॅडारिओचा ईझेड ९०० शिकणाऱ्यांसाठी माझा नेहमीचा. गिव्हसन किंवा केडन्स घेतलीत तर हजार-बाराशे बाजूला ठेवून गिटार आधी कारागिराकडे न्या. रत्नागिरीत कुणी सापडला नाही तर चर्चमध्ये वाजवणाऱ्या मंडळींना विचारा, त्यांना हमखास माहीत असतो. कोल्हापूर-मिरजेकडे जाणं होत असेल तर तिथे. घोडीची पट्टी, वरच्या खाचा, मानेची सळी, एवढं तीनच बघायला सांगा.

सेकंडहँडलाही ना नाही. पुण्या-मुंबईत हॉस्टेल सोडताना मुलं यामाहा, कॉर्ट अर्ध्या किमतीत विकतात. तोच तपास, तोच कागद, तीच पट्टी. फक्त तुम्हाला ते बघून देणारं ओळखीचं कुणी तिथे हवं.

आणि निगा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गिटार भिंतीला टांगून ठेवू नका, भिंतीला पाणी धरतं. पिशवीत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका, महिन्यातून एकदा त्या बदला. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसा. खाऱ्या हवेत तारा आठ दिवसांत काळ्या पडतात, रोज पुसल्या तर दोन-तीन महिने जातात. गाडीत उन्हात ठेवणं तर अजिबातच नको, डिंक सुटतो. वाजवायची नसली तरी तारा पूर्ण सैल करून ठेवायची गरज नाही. मोठ्या सुट्टीत गावाला गेलात तर एखादा सूर खाली उतरवून ठेवा, पुरे.

मुलीला माझ्याकडून एवढं सांगा: पहिल्या महिन्यात एफ कॉर्ड वाजला नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, तो कुणाचाच वाजत नाही. तिसऱ्या महिन्यातही वाजला नाही तर बाराव्या पडद्यावर पट्टी लावून आकडा मला कळव. आणि दादा, पहिला पाऊस लागून पंधरा दिवस झाले की तुम्ही घोडीमागे पुन्हा एकदा तो कागद सरकवून बघा. किंचितही आत गेला तर तारा सैल करा आणि त्याच आठवड्यात कारागिराकडे न्या. वेळेत नेली तर पुन्हा चिकटवून मिळते.

तुमची ताई